तळाची रेघ

कोर्रालहून वाल्दिव्हियाला नदीतून दीड तास.
वाटभर आमांकाय नाळीपाशी बसून, पाय लांब सोडून,
आणि मी सुकाणूमागे
सवयीनं यंत्राच्या काचेवर तळ वाचत होतो.
चार वाव. चिखल. साडेतीन.
मग एकदम खडक.

बावीस वर्षं वाचतोय ही रेघ.
एरिबेर्तो म्हणतो, तुला मासे हाक मारतात.
मारत असतील.
घरातली हाक तेवढी ऐकू आली नाही.

सकाळी उठवायला गेलं की म्हणायची,
"थांबा ना बाबा, गुडघा अजून उठला नाही."
गुडघा उठला नाही!
आधी हसायचो. पुढे हसू येईना.
शाळेची बोट सुटून जायची
आणि दुपारी हीच पोर धक्क्यावर
समुद्रसिंहांपुढे माशांची डोकी फेकत उड्या मारायची.
नखरे, म्हणालो मी. तिच्या तोंडावर.
एकदा तर दंडाला धरून जिना उतरवला.
चौदा पायऱ्या. तिनं हूं की चूं केलं नाही.

डॉक्टर ऑयार्सूनबाईंची खोली आमच्या केबिनएवढी.
खिडकीला पडदा, खुर्चीवर कुणाचा तरी विसरलेला मोजा.
जेल लावल्यावर ती दचकली, मग म्हणाली,
"समुद्रातल्या शेवाळासारखं."
बाईंनी हातातला ठोकळा गुडघ्याला टेकवला
आणि काचेवर माझीच नदी आली.

तीच उजळ रेघ, खाली सावली,
रेघेवर काळं.
"पाणी," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.
"नाही हो. ही कूर्चा.
हाड व्हायचं राहिलेलं हाड.
आठ वर्षांच्या सांध्यात असं काळं पुष्कळ असतं.
त्यातून तर ती उंच होणार."

मग हात वाटीच्या वर सरकला.
तिथंही काळं.
बाईंनी अलगद दाबलं,
तर हे काळं हललं, दबलं तिथून निसटून
बाजूला जाऊन थांबलं.
"हे पाणी."

मी गप्प बसलो.
बावीस वर्षांत एकदाही कळलं नव्हतं
की काळ्या-काळ्यातला फरक
दाबून बघावा लागतो, हलक्या हातानं.

एक बटण. लाल ठिणग्या.
मी खुर्चीवरून उठलो असेन, कारण त्या म्हणाल्या, बसा.
"वाढत्या मुलांत थोडं लाल दिसतंच, ते इथं, कूर्चेत, ठिपक्यासारखं.
त्याचं काही नाही.
पण हे बघा, हे अस्तर सुजलंय. इथं पेटलंय."
आमांकाय मान वळवून बघत होती.
"छान आहे," ती म्हणाली.

"आता घोटे बघू."
"घोटे नाही दुखत."
डावा घोटा. दाबलं. काळं सरकलं.
खोलीत फक्त यंत्राचा पंखा.
"हा दुखत नाही तुला?"
"हा तर नेहमीच असा असतो," ती म्हणाली,
"सगळ्यांचाच असतो ना असा, सकाळी?"

औषध आठवड्याला एक सुई.
डोळे तपासायचे, तिला काही होत नसलं तरी.
तीन महिन्यांनी परत हेच, थंड जेल, रेघ, दाबणं.
बाईंनी कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात,
मी नीट घडी करून टोपीत ठेवलं.

परतताना भरती संपून पाणी उतरत होतं.
ती माझ्याजवळ येऊन काच बघत बसली.
"आपल्या यंत्राला दाबता येत नाही?"
"नदीला कुठं दाबणार?"
तिनं बोट काचेवर ठेवून दाबलंच.
रेघ तशीच चालत राहिली. पाच वाव. वाळू.

दुसऱ्या दिवशी सहाला
मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो,
बादलीत ऊन पाणी, खांद्यावर टॉवेल.
शाळेच्या बोटवाल्याला सांगून ठेवलं होतं, थांब म्हणून.
तो धक्क्यावर शिट्टी मारत होता.
"उठला का गुडघा?" मी वर तोंड करून विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग वरून आवाज आला,
"एक उठलाय."